आवाज वाढवावा की जागा करून द्यावी?
इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मिश्रणासाठी इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर निवडताना

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की नृत्याच्या गाण्यांची जुळवाजुळव सुरू होते. पूर्वी बाजारातून ध्वनिफीत आणली की काम भागत असे. आता संगणकावर, इतकेच काय मोबाइलवरही, ताल, खर्ज, सूर असे एकेक थर रचून विद्यार्थी स्वतःच संगीत तयार करू शकतात. कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. त्यांपैकी नवीन जालन्यातील एखाद्या शाळेचे सभागृह डोळ्यांसमोर आणू. सिमेंटच्या भिंती, वर पत्रे, मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर. नववीच्या मुलांनी संगणकावर बसवलेला ताल वाजतो आहे आणि एक मुलगी माईकवर गाते आहे. ताल छातीवर आदळतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. मागून कोणीतरी ओरडते, ‘आवाज वाढवा!’ आवाज वाढवला जातो. शब्द तरीही कळत नाहीत; कान मात्र दुखू लागतात.

असे का होते? आणि यावर उपाय म्हणून जी दोन उपकरणे सांगितली जातात, ती इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर, ही नेमके काय करतात? संगणकावर त्यांचे शेकडो प्रकार मिळतात. काही फुकट, काही महाग. त्यांतले कोणते घ्यावे, असा प्रश्न मुले विचारतात. आमच्या मते हा प्रश्न उलट बाजूने सोडवावा. आवाजात दोष कोणता आहे हे आधी ओळखावे. दोष कळला की उपकरण कोणते हवे, ते बहुतेक वेळा आपोआप ठरते.

आवाज आवाजाला झाकतो

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचा आवाज ऐकू येतो. इलेक्ट्रॉनिक संगीतातील ढोलाचा मुख्य ठोका ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. खर्जाचा थर सुमारे ४० ते २०० हर्ट्झमध्ये वावरतो. मुलांच्या आवाजाची मूळ वारंवारता २०० हर्ट्झच्या वर असते. परंतु शब्द कळतात ते केवळ मूळ वारंवारतेमुळे नव्हे. क, ट, त यांसारखी व्यंजने ओळखू येण्यासाठी २००० ते ४००० हर्ट्झचा भाग महत्त्वाचा असतो, आणि ‘स’, ‘श’ यांचा फुत्कार त्याहूनही वर, ८००० हर्ट्झपर्यंत जातो.

दोन आवाज जवळच्या वारंवारतेचे असतील तर मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. याला आपण ‘आच्छादन’ म्हणू. यात एक गंमत आहे. खालच्या वारंवारतेचा आवाज आपल्याहून वरच्या आवाजांना जितका झाकतो, तितका वरचा आवाज खालच्याला झाकत नाही. शिवाय पातळी वाढली की हे आच्छादन वरच्या दिशेने अधिक दूरवर पसरते. आपल्या सभागृहातील कोडे इथे सुटते. सगळाच आवाज वाढवला की गायिकेचा आवाज वाढतो हे खरे. पण खर्जाची झाकण्याची शक्तीही वाढते. शब्द जिथल्या तिथेच राहतात.

मग चांगल्या ध्वनिमुद्रिकांत हे कसे साधते? पुष्कळदा रचनेतच ती सोय केलेली असते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवलेली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये निघाली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अभ्यासकांचे तिच्याकडे लक्ष गेले. तिच्यात मुख्यतः रोलँड कंपनीची तीन यंत्रे आहेत: तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८. थर थोडे आणि प्रत्येकाचे काम निराळे. म्हणून विद्यार्थ्यांना पहिला सल्ला असा, की कोणतेही उपकरण लावण्यापूर्वी थर मोजा. एकाच पट्ट्यात तीन थर वाजत असतील तर त्यांतला एखादा काढून पाहा. मग प्रत्येक थराची पातळी कमी-जास्त करून पाहा. निम्मे दोष इथेच जातात.

इक्वलायझर काय करतो?

हे नाव टेलिफोनच्या जगातून आले. लांबच्या तारेतून जाताना वरच्या वारंवारता अधिक क्षीण होत. त्या भरून काढून सर्व वारंवारता ‘समान’ करणारे मंडल ते इक्वलायझर. मराठीत त्याला समकारक म्हणता येईल. आज त्याचा उपयोग समान करण्यापेक्षा निवडक भाग कमी-जास्त करण्यासाठी होतो.

हे कमी-जास्त डेसिबेलमध्ये मोजतात. ३ डेसिबेल वाढ म्हणजे शक्ती जवळजवळ दुप्पट, ६ डेसिबेल म्हणजे चौपट आणि १० डेसिबेल म्हणजे दसपट. एखाद्याने ‘जरा दणका हवा’ म्हणून ६० हर्ट्झ ६ डेसिबेलने वाढवले, तर त्या पट्ट्यासाठी ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती पुरवावी लागते. ती त्याच्याजवळ नसेल तर तरंगांचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. वाढवण्याऐवजी नको तो भाग कमी करावा, असे जाणकार सांगतात त्यामागे हे गणित आहे.

आता प्रकार पाहू.

ग्राफिक इक्वलायझरमध्ये ठरावीक वारंवारतांच्या सरकत्या कळा ओळीने असतात. दहा कळांच्या उपकरणात त्या ३१, ६२, १२५, २५०, ५०० हर्ट्झ अशा दुपटीने चढत १६,००० पर्यंत जातात. सा पासून तार सा पर्यंत वारंवारता दुप्पट होते. म्हणजे दर कळेला एक सप्तक. एकतीस कळांच्या उपकरणात एका सप्तकाचे तीन भाग केलेले असतात. सभागृहात माईक शिट्टी मारू लागला तर ती वारंवारता शोधून चटकन खाली ओढायला हा प्रकार सोयीचा.

पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये तीन गोष्टी आपण ठरवतो: मध्य वारंवारता, किती कमी-जास्त करायचे, आणि पट्टा किती रुंद. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये या प्रकारावरचा निबंध सादर केला आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या कामात तो रूढ झाला. पट्ट्याची रुंदी ‘क्यू’ या संख्येने सांगतात. मध्य वारंवारतेला पट्ट्याच्या रुंदीने भागले की क्यू मिळतो. मध्य २५०० हर्ट्झ आणि क्यू १ असेल तर पट्टा साधारण १५५० ते ४०५० हर्ट्झ इतका येतो. म्हणजे सुरावटीच्या थरात हा पट्टा ३ ते ४ डेसिबेलने कमी केला, की नेमकी व्यंजनांची जागा मोकळी होते. गायिकेचा आवाज जराही न वाढवता शब्द पुढे येतात. त्याच रीतीने ढोलाला ५५ हर्ट्झजवळची जागा द्यावी आणि खर्जाच्या थरात तेवढाच भाग थोडा उतरवावा. गायिकेच्या माईकमध्ये १०० हर्ट्झखाली तिचा आवाज नसतोच. तिथे असते ती मंचाची धडधड आणि विजेची ५० हर्ट्झची घरघर. तेवढा भाग गाळणीने काढून टाकावा. मिश्रणासाठी एकच इक्वलायझर निवडायचा असेल, तर चार-पाच पट्टे आणि अशी गाळणी असलेला साधा पॅरामेट्रिक निवडावा.

डायनॅमिक इक्वलायझर हा पुढचा प्रकार. यात एखादा पट्टा ठरावीक पातळीच्या वर गेला तरच कमी होतो. ‘स’ उच्चारताना अधूनमधून कानाला टोचत असेल, पण एरवी आवाज ठीक असेल, तर हा उपयोगी. दोष सतत असेल तर त्याची गरज नाही.

‘लिनिअर फेज’ हा शब्दही सॉफ्टवेअरच्या वर्णनात दिसतो. साधा इक्वलायझर निरनिराळ्या वारंवारतांना थोडे मागेपुढे सरकवतो. लिनिअर फेज प्रकार सर्वांना सारखाच उशीर करतो, त्यामुळे तरंगांचा परस्परसंबंध टिकतो. परंतु उशीर जास्त होतो, आणि ढोलाच्या ठोक्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येऊ शकते. म्हणून तालाच्या थरावर आणि प्रत्यक्ष गाताना तो टाळावा.

कॉम्प्रेसर काय करतो?

इक्वलायझर वारंवारतेकडे पाहतो, कॉम्प्रेसर पातळीकडे पाहतो. आवाज एका उंबरठ्याच्या वर गेला की तो वरचा भाग ठरलेल्या गुणोत्तराने कमी करायचा, एवढेच त्याचे काम.

एक उदाहरण करू. उंबरठा उणे २० डेसिबेल आणि गुणोत्तर ४:१ आहे. आत आलेला आवाज उणे ८ डेसिबेल आहे. म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबेल वर. १२ ला ४ ने भागले, आले ३. बाहेर पडणारा आवाज उंबरठ्याच्या ३ डेसिबेल वर, म्हणजे उणे १७ डेसिबेल. एकूण ९ डेसिबेल कमी झाले. उंबरठ्याखालचा आवाज मात्र तसाच राहिला. फळ्यावर याचा आलेख काढला तर उंबरठ्यापाशी रेषेचा चढ बदललेला दिसतो. विद्यार्थ्यांकडून तो जरूर काढून घ्यावा.

उरलेल्या दोन कळा वेळेच्या. आवाज उंबरठा ओलांडल्यावर कॉम्प्रेसर किती वेळात पकड घेतो तो ‘ॲटॅक’, आणि आवाज खाली आल्यावर किती वेळात पकड सोडतो तो ‘रिलीज’. ॲटॅक १ मिलिसेकंद ठेवला तर ढोलाचा पहिला टणत्कारच दाबला जातो. ३० मिलिसेकंद ठेवला तर टणत्कार निसटून जातो आणि मागची घुमणारी शेपटी दबते, त्यामुळे ठोका उलट अधिक ठसठशीत वाटतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंद असतात. रिलीज त्याहून कमी, २०० ते ३०० मिलिसेकंद ठेवला तर पुढच्या ठोक्यापर्यंत कॉम्प्रेसर बराचसा मोकळा होतो. पण रिलीज फार कमी करूनही चालत नाही. ५० हर्ट्झच्या एका तरंगाला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून लहान असेल तर कॉम्प्रेसर दर तरंगागणिक वरखाली होऊ लागतो, तरंगाचा आकार बिघडतो आणि खर्ज खरखरतो.

कॉम्प्रेसर निवडताना

पहिला प्रश्न: पातळी खरोखर बदलते आहे काय? तालयंत्राचा प्रत्येक ठोका सारख्याच पातळीचा बसवलेला असेल, तर तिथे समतल करण्यासारखे काही नसते. ढोलकीवादकाच्या हाताची गोष्ट वेगळी. सवयीने प्रत्येक थरावर कॉम्प्रेसर चढवणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आधी विचारावा. माणसाच्या गाण्याची पातळी मात्र सतत बदलते. मुलगी माईकपासून थोडी दूर गेली, श्वास संपत आला, वरचा सूर लागला, की पातळी हलते. कॉम्प्रेसरची खरी गरज बहुधा तिथे असते.

दुसरा प्रश्न: पकड किती चपळ हवी? जुन्या उपकरणांची नावे सॉफ्टवेअरवर अजून दिसतात, त्यांचा अर्थ इथे कळतो. १९६० च्या दशकातील टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए मध्ये आवाजानुसार एक प्रकाशपट्टी उजळते आणि तिच्यासमोरचा प्रकाशावलंबी रोध, म्हणजेच एलडीआर, आवाज कमी करतो. एलडीआर संथपणे पूर्वस्थितीला येतो, म्हणून पकड हळुवार सुटते. गायनाला ती मानवते. बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये आणलेल्या ११७६ या उपकरणात हेच काम ट्रान्झिस्टर करतो आणि पकड मायक्रोसेकंदांत बसते. ठोक्यांना ती उपयोगी. १९७० च्या दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने विद्युत दाबाने नियंत्रित होणाऱ्या ॲम्प्लिफायरवर चालणारे कॉम्प्रेसर प्रचारात आणले. यात मोजमाप काटेकोर असते. सॉफ्टवेअर या तिघांच्या नकला करते. संगणकातील साध्या कॉम्प्रेसरच्या वेळेच्या कळा नीट वापरल्या, तर शाळेच्या कामासाठी नकलेवर पैसे खर्च करण्याचे कारण उरत नाही.

तिसरा प्रश्न: एका आवाजाने दुसऱ्याला वाट द्यायची आहे काय? इलेक्ट्रॉनिक संगीतात हे फार लागते. कॉम्प्रेसर लावायचा खर्जाच्या थरावर, पण त्याला ‘ऐकवायचा’ ढोल. ढोलाचा ठोका पडला की खर्ज क्षणभर खाली वाकतो आणि पुन्हा वर येतो. याला ‘साइडचेन’ म्हणतात. हीच युक्ती सभागृहातील गाण्याला लावता येते. गायिकेचा आवाज आला की सुरावट ३ डेसिबेल खाली, ती थांबली की पुन्हा वर. आकाशवाणीवर निवेदक बोलू लागला की पार्श्वसंगीत उतरते, तसेच हे. म्हणून कॉम्प्रेसर घेताना त्याला साइडचेनची सोय आहे ना, आणि किती डेसिबेल कमी होत आहेत हे दाखवणारा काटा आहे ना, हे जरूर पाहावे.

निवड करताना एक सापळा टाळायला हवा. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज आपल्याला ‘चांगला’ वाटतो. बहुतेक उपकरणे लावताच आवाज थोडा वाढतो आणि उपकरण उत्तम असल्याचा भास होतो. त्यामुळे उपकरणासह आणि उपकरणाविना अशी तुलना करताना दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणावेत. ऐकणाऱ्याने पाठ करून बसावे आणि दुसऱ्याने न सांगता बदल करावेत. विज्ञानातील निःपक्षपाती चाचणीचा हा सोपा धडा आहे.

जे उपकरणाने सुटत नाही

समजा, वर्गखोली ६ मीटर लांब आहे. २५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात. त्यांची सर्वांत खालची वारंवारता ३४६ भागिले १२, म्हणजे सुमारे २९ हर्ट्झ, आणि पुढची ५८ हर्ट्झ. ही ५८ म्हणजे आपल्या ढोलाचीच जागा. या तरंगात भिंतीपासून दीड मीटरवर आणि साडेचार मीटरवर आवाज जवळजवळ नाहीसा होतो, तर भिंतीलगत तो गडगडतो. दीड मीटरवर बसलेला विद्यार्थी ‘दणका कमी आहे’ म्हणून इक्वलायझरने ६० हर्ट्झ वाढवील, आणि भिंतीलगतचे श्रोते हैराण होतील. इथे खुर्ची हलवणे हाच उपाय.

दुसरी मर्यादा कानाची. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की कमी पातळीवर आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मोठ्या आवाजात मिश्रण केले तर खर्ज भरपूर वाटतो, हळू आवाजात तो हरवतो. मिश्रण नेहमी बोलण्याइतक्या पातळीवर करावे आणि थोडा वेळच मोठ्याने तपासावे.

कानांचा हिशेब

कॉम्प्रेसरचा एक वापर धोक्याचा आहे. माथे दाबायचे आणि मग सगळाच आवाज वर उचलायचा. माथ्यांची पातळी पूर्वीइतकीच दिसते, पण सरासरी वाढते. कानाला इजा पोचवण्यात या सरासरीचा आणि ऐकण्याच्या कालावधीचा वाटा मोठा असतो. कामगारांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका रूढ मर्यादेनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि दर ३ डेसिबेलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० डेसिबेलला अवघी १५ मिनिटे. सरासरी ६ डेसिबेलने वाढली की सुरक्षित वेळ चौथाईवर येते. मुलांच्या बाबतीत मर्यादा अधिक कडक हवी. वैयक्तिक ध्वनिउपकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मुलांकरिता आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबेल ही पातळी सुचवली. आतील कानातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल ही परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रासाठी ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो, म्हणून अनावश्यक खर्ज काढला की सभागृहात शब्द कळतात आणि बाहेर त्रासही कमी होतो.

वर्गात करून पाहा

१. ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात एका विद्यार्थ्याचे वाचन मुद्रित करा. इक्वलायझरने २००० ते ४००० हर्ट्झचा भाग पुरता खाली आणून ऐका. नंतर तो पूर्ववत करून २०० हर्ट्झखालचा भाग काढून ऐका. कोणत्या वेळी शब्द हरवले?

२. त्याच वाचनामागे खर्जाचा थर जोडा. आता वाचन न वाढवता, केवळ खर्ज कमी करून ते स्पष्ट करा. किती डेसिबेल कमी करावे लागले ते नोंदवा. मग ‘ऑटो डक’ ही सोय वापरून तुलना करा.

३. एलडीआरला मल्टिमीटर जोडा. अंधारात त्याचा रोध मोजा, विजेरीचा प्रकाश पाडा आणि विजेरी बंद करा. आकडा झर्रकन उतरतो, चढताना मात्र रेंगाळतो. यातील ॲटॅक कोणता आणि रिलीज कोणता?

४. मोठ्या स्पीकरवर ११५ हर्ट्झचा एकच सूर हळू आवाजात लावा आणि विद्यार्थ्यांना खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालायला सांगा. आवाज कोठे दबतो तिथे खडूने खुणा करा. दोन लगतच्या खुणांमधील अंतर मोजून ध्वनीचा वेग काढता येईल काय? मोबाइलचा छोटा स्पीकर यासाठी पुरणार नाही.

हे प्रयोग स्नेहसंमेलनाच्या महिनाभर आधी केले, तर संगीत जुळवणाऱ्या मुलांना ध्वनीचा धडा त्यांच्याच कामातून शिकवता येईल. शेवटच्या तालमीला मंचावर गाणारीचे शब्द कळतात का, हे मागच्या रांगेत बसलेल्या पाचवीतल्या मुलाला विचारून तपासावे.